तारीख टळली, वाट पाहणे राहिले

२२ ऑक्टोबर १८४४ चा मंगळवार. अमेरिकेच्या ईशान्य भागातील कित्येक गावांत त्या दिवशी काही दुकाने उघडलीच नाहीत. काही शेतांत पीक तयार होते, पण काढणीला कोणी उतरले नव्हते. हजारो माणसे घराघरांत आणि सभागृहांत प्रार्थना करीत बसली होती. त्यांनी देणी चुकती केली होती, जुनी भांडणे मिटवली होती, ज्यांचे मन दुखावले होते त्यांची क्षमा मागितली होती. त्यांच्या हिशेबाप्रमाणे तो जगाचा अखेरचा दिवस होता. येशू ख्रिस्त त्या दिवशी पृथ्वीवर परत येणार होता.

दिवस मावळला. मध्यरात्र उलटली. मग नेहमीसारखे उजाडले. गोठ्यातल्या गाई धार काढण्यासाठी हंबरू लागल्या आणि रस्त्यावरून जाणारे शेजारी हसू लागले.

ज्यांच्या अभ्यासातून ही अपूर्व प्रतीक्षा उभी राहिली ते विल्यम मिलर हे कोणी मोठे धर्मगुरू नव्हते. ते एक शेतकरी होते. जगाच्या अंताची तारीख सांगून फसलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण त्यांच्या आयुष्यातला मोलाचा भाग सुरू होतो तो ही तारीख टळून गेल्यावर.

ख्रिस्त पुन्हा येणार ही श्रद्धा मिलर यांनी शोधून काढलेली नाही. ती ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने दहा कुमारींचा दाखला दिला आहे. लग्नघरी नवरदेवाची वाट पाहत दहा मुली दिवे घेऊन बसल्या आहेत. नवरदेवाला उशीर होतो, साऱ्यांना डुलकी लागते आणि मध्यरात्री तो आल्याची हाक येते. पाच जणींनी जादा तेल बरोबर आणलेले असते, पाच जणींनी नाही. तेल आणायला गेलेल्या पाच जणी परततात तेव्हा दार बंद झालेले असते. याच शुभवर्तमानात असेही बजावले आहे, की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. सदैव तयार राहायचे, पण केव्हासाठी ते कळणार नाही, अशी ही अवघड शिकवण आहे. अशा अनिश्चिततेत जगणे माणसाला जड जाते. त्याला तारीख हवी असते.

विल्यमचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफिल्ड येथे झाला. तो चार वर्षांचा असताना हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन या खेड्यात शेती करायला आले. सोळा भावंडांत विल्यम थोरला. शाळा हिवाळ्यापुरती, पण वाचनाचे वेड विलक्षण. आईवडील झोपले की तो चुलीपाशी पाइनच्या ढलप्या पेटवून त्या उजेडात वाचत बसे. एकदा वडिलांना जाग आली आणि घराला आग लागली असे वाटून ते धावत आले. पाहतात तो चिरंजीव पुस्तकात गढलेले!

१८०३ साली ल्यूसी स्मिथ हिच्याशी लग्न करून मिलर व्हरमाँटमधील पोल्टनी या गावी राहायला गेले. तिथे चांगले ग्रंथालय होते. व्हॉल्टेअर, ह्यूम, टॉमस पेन यांची पुस्तके त्यांनी वाचली आणि घरातला बॅप्टिस्ट धर्म त्यांना भाबडा वाटू लागला. जग निर्माण करणारा कोणी असेल, पण माणसाच्या सुखदुःखाशी त्याचा काही संबंध नाही, असे त्यांचे मत बनले. आजोबा धर्मोपदेशक होते. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून मिलर मित्रांना हसवीत. गावात मात्र त्यांना मान होता. त्यांनी न्यायदंडाधिकारी म्हणून काम केले, नागरी सेनेतही ते अधिकारी झाले.

पुढे इंग्लंडशी युद्ध जुंपले. सप्टेंबर १८१४ मध्ये प्लॅट्सबर्गच्या लढाईत कॅप्टन मिलर यांच्यापासून अवघ्या काही फुटांवर तोफगोळा फुटला. आजूबाजूची माणसे घायाळ झाली, त्यांना स्वतःला ओरखडाही उठला नाही. संख्येने कितीतरी मोठे ब्रिटिश सैन्य मागे हटले. दूर बसलेल्या देवाला माणसाशी कर्तव्य नसेल, तर हे कसे घडले, हा प्रश्न मिलर यांच्या मनातून जाईना. १८१२ मध्ये वडील वारले होते. रणांगणावर मरण रोज दिसत होते. मेल्यानंतर माणसाचे काहीच उरत नाही, हा विचार पुस्तकात वाचताना धीट वाटला होता, आता तो सोसवेना.

युद्ध संपल्यावर ते लो हॅम्प्टनला आईजवळ परतले. तिथल्या प्रार्थनामंदिरात पाळक नसला की मंडळीतले कोणी तरी छापील प्रवचन वाचून दाखवीत. ते वाचन कंटाळवाणे होते, अशी मिलर यांची तक्रार. मग तूच वाच, असे ठरले. १८१६ च्या सप्टेंबरातील एका रविवारी आईवडिलांची मुलांविषयीची कर्तव्ये या विषयावरचे प्रवचन वाचताना या टवाळखोर कॅप्टनचा गळा दाटून आला आणि त्यांना पुढे वाचवेना. त्या दिवसांत त्यांची श्रद्धा परत आली.

जुन्या मित्रांनी लगेच घेरले. बायबल खरे कशावरून? मिलर यांनी मुदत मागितली. एक बायबल आणि क्रूडेन यांची शब्दसूची, एवढीच साधने घेऊन त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एका वचनाचा उलगडा झाल्याशिवाय पुढच्या वचनाकडे जायचे नाही, असा नियम. दोन वर्षे हे चालले. दानीएलच्या ग्रंथात पवित्रस्थान शुद्ध होण्यास दोन हजार तीनशे दिवस लागतील असा उल्लेख आहे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरायची पद्धत तेव्हाच्या अभ्यासकांत रूढ होती. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असा मिलर यांनी अर्थ लावला. यरुशलेम पुन्हा उभारण्याविषयीची पर्शियन राजाची आज्ञा इसवी सनापूर्वी ४५७ मधली धरून त्यांनी २३०० वर्षे मोजली. उत्तर आले सुमारे १८४३. हा हिशेब त्यांनी १८१८ मध्ये मांडला. म्हणजे जगाला उणीपुरी पंचवीस वर्षे उरली होती.

त्यानंतर हा माणूस जवळजवळ तेरा वर्षे जाहीर सभेत उभा राहिला नाही. त्यांनी हिशेब पुन्हा पुन्हा तपासला, स्वतःवरच आक्षेप घेतले, ओळखीच्यांशी चर्चा केली. लोकांना सांगायला हवे असे मन सांगे, पण आपण वक्ते नाही म्हणून ते टाळत. ऑगस्ट १८३१ मधल्या एका शनिवारी त्यांनी देवाशी करार केला, की कोणी बोलावले तरच जाईन. कोण बोलावणार, ही खात्री होतीच. अर्ध्या तासाच्या आत भाचा दारात उभा! ड्रेस्डेन गावी उद्या पाळक नाहीत, तुम्ही येऊन बोलाल का, असा निरोप होता. मिलर रागावून उत्तर न देताच जवळच्या झाडीत निघून गेले. बऱ्याच वेळाने परतले ते जायचे ठरवूनच. वय एकोणपन्नास.

पुढच्या बारा वर्षांत त्यांनी, त्यांच्याच अंदाजाने, सुमारे साडेचार हजार व्याख्याने दिली. १८३९ मध्ये बॉस्टनचे तरुण धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स भेटले आणि खेड्यापाड्यांतला हा विचार शहरांत पोहोचला. हाइम्स यांनी वृत्तपत्रे काढली. त्यांपैकी एकाचे नावच दहा कुमारींच्या दाखल्यावरून मध्यरात्रीची हाक असे होते. चार हजार माणसे मावतील एवढा प्रचंड तंबू उभारला गेला. अनुयायी नेमके किती होते ते मोजलेले नाही, पण पन्नास हजार ते लाख हा आकडा बहुधा दिला जातो. टवाळीही तेवढीच झाली. ही माणसे पांढरे झगे शिवून टेकड्यांवर चढली, ही गोष्ट पुढे शंभर वर्षे रंगवून सांगितली गेली, पण शोध घेतल्यावर तिला विश्वसनीय आधार सापडला नाही.

मिलर स्वतः नेमका दिवस सांगायला तयार नव्हते. फार आग्रह झाला तेव्हा १८४३ च्या आरंभी त्यांनी २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ एवढीच मर्यादा दिली. ते वर्ष सरले. मिलर यांनी चूक कबूल केली. इथेच सारे संपायचे, पण त्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरमधील एक्झिटर येथील मेळाव्यात सॅम्युअल स्नो यांनी नवा हिशेब मांडला. इसवी सनात शून्य हे वर्ष नाही, म्हणून शरद ऋतूपासून मोजले तर २३०० वर्षे १८४४ च्या शरदात भरतात. यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दशमीला येतो. म्हणजे २२ ऑक्टोबर. वणव्यासारखी ही तारीख पसरली. ज्यांनी हे आंदोलन सुरू केले ते मिलर मात्र कितीतरी दिवस गप्प होते. अवघे दोन आठवडे उरले असताना, ६ ऑक्टोबरला, त्यांनी ती मान्य केली.

त्या दोन आठवड्यांतली तयारी सगळीच भ्रमिष्टपणाची होती असे म्हणता येत नाही. बुडवलेले पैसे लोकांनी परत केले. अबोला धरलेले भाऊ एकमेकांशी बोलले. पण त्यातच काहींनी घरच्या पोटापाण्याचे साधनही सोडून दिले. पुढचा हिवाळा त्यांच्या बायकामुलांनी कसा काढला असेल? चार्ल्स फिच हे चळवळीतले लाडके उपदेशक बफेलो येथे थंडीवाऱ्यात सरोवराच्या पाण्यात उभे राहून बाप्तिस्मे देत होते. त्यांना ताप भरला आणि १४ ऑक्टोबरला ते वारले. आठच दिवसांनी पुन्हा भेट होणार, या भरवशावर घरच्यांनी त्यांना निरोप दिला.

मग तो दिवस आला आणि गेला. इतिहासात त्याला महानिराशा असे नाव पडले. कित्येक जण पहाटेपर्यंत रडत होते. काहींनी धर्मच सोडला. काहींनी लगेच नव्या तारखा काढल्या.

मिलर तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. प्रकृती ढासळलेली, जन्मभराची पत पणाला लागलेली. अशा वेळी माणूस एक तर तोंड लपवतो किंवा आपलेच खरे होते म्हणून भांडत बसतो. त्यांनी दोन्ही केले नाही. नोव्हेंबरमध्ये हाइम्स यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की आता आपल्यासमोर एकच तारीख आहे, आजची. प्रभू येईपर्यंत रोजची तारीख आजचीच राहील. १८४५ मध्ये त्यांनी आपल्या चरित्राची आणि चुकीची हकिकत छापून प्रसिद्ध केली. काळाच्या मोजणीत आपण चुकलो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. ख्रिस्त येणार ही आशा मात्र सोडली नाही. त्याच वर्षी, जिथे त्यांची श्रद्धा परत आली होती त्या लो हॅम्प्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्यांना काढून टाकले.

या निराशेतूनच पुढे नवे पंथ निघाले. त्यांतला सर्वांत मोठा, शनिवारी शब्बाथ पाळणारा सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ, १८६३ मध्ये संघटित झाला. आज जगभर त्याचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. पुणेकरांना परिचित असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. या पंथाने पुन्हा तारीख ठरवली नाही, आणि पुष्कळ शाळा नि इस्पितळे उभारली. मिलर स्वतः या पंथात कधी नव्हते, त्यांनी शनिवारही पाळला नाही.

आता मागे वळून पाहताना वाटते, दिव्यातले तेल म्हणजे काय, हे मिलर यांना २२ ऑक्टोबरपूर्वीपेक्षा नंतर अधिक कळले असावे. तारखेसाठी केलेली तयारी तारखेबरोबर संपते. परीक्षेसाठी केलेल्या पाठांतरासारखी ती दुसऱ्या दिवशी उरत नाही. पण देणे चुकते करणे, क्षमा मागणे, चुकलो म्हणणे, ही तयारी कोणत्याही मंगळवारी चालते आणि बुधवारीही कामाला येते. हे कळायला ख्रिस्तीच असायला हवे असे नाही.

१८४८ च्या आरंभी मिलर यांची दृष्टी गेली. ज्यांनी ढलप्यांच्या उजेडात वाचायला सुरुवात केली होती त्यांना अखेरच्या दोन वर्षांत एक ओळही वाचता आली नाही. २० डिसेंबर १८४९ रोजी ते वारले. त्यांचे घर लो हॅम्प्टनला जपून ठेवले आहे. जवळच एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. मंडळीने बाहेर काढल्यावर, डोळ्यांपुढे अंधार येत असताना, त्यांनीच ते बांधवले. प्रभू आजच येईल अशी रोज वाट पाहणाऱ्या माणसाने बांधलेली ती वास्तू पावणेदोनशे वर्षांनंतर अजून उभी आहे.