वाटाण्याच्या वेलाचे तारण

१९६० नंतरच्या दशकात जगभर अनुबोधपटाचे नवनवे प्रयोग झाले. मुंबईत प्रमोद पतींचा 'एक्स्प्लोरर' हा प्रायोगिक लघुपट १९६८ मध्ये निघाला तो फिल्म्स डिव्हिजनचा, म्हणजे सरकारी खर्चाचा. याच मुंबईत ५६ वर्षांपूर्वी एका गृहस्थाने कॅमेऱ्याचा एक प्रयोग केला होता. पण तो कर्ज काढून, आणि आणखी कर्ज मिळावे म्हणून.

धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. छायाचित्रण व मुद्रण हे दोन्ही व्यवसाय करून झाल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या प्रारंभी लंडनला गेले आणि कॅमेरा मिळवून परतले. पुढचे भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व महिनाभर त्याचे थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर बीजाचा वेल पाहता पाहता वाढला आणि धनकोची खात्री पटली. असे तारण पुढे करणारा ऋणको कोणत्याही पतपेढीला पेचात पाडील! अर्थात तेवढ्याने भागले नाही. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला हलले. तळेगावचा काचकारखाना, नाशिक-त्र्यंबकचे देखावे असे वास्तवपटही त्यांनी काढले. पैसा मात्र देवादिकांच्या चमत्कारांवरच मिळे. १९१८ मध्ये भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. मतभेद झाले, फाळके बाहेर पडले, पुन्हा परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांचे निधन झाले. 'चित्रपट कसे तयार करतात' या त्यांच्या लघुपटाचा काही भाग उपलब्ध आहे. त्यात कामात गढलेले फाळके दिसतात.