मुद्दल न खाणारा हिशेबनीस

आमच्या घोडबंदर रोडवर हिवाळा तो कितीसा! येऊरच्या डोंगरावरून पहाटे गार वारा सुटतो, कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि घरोघरी एकच वाद सुरू होतो : गिझर चालू कोणी ठेवला? आमच्या घरचा गुन्हेगार बहुधा मीच असतो. म्हणूनच डॉ. जे. सी. कुमारप्पा यांचे चरित्र वाचताना मी मनातून ओशाळलो.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला, ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला हिशेबतपासणी शिकून त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ त्यांना सरकारी जमाखर्चात सापडले. १९२९ साली ते गांधीजींना भेटले. विलायती पोशाख गेला, अंगावर खादी आली. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे चिटणीस म्हणून ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहू लागले.

तेथे तेलघाणी, हातकागद असे नाना प्रयोग चालत. मला मोह पडला तो मगनचुलीचा. उघड्या चुलीची बरीचशी आच बाजूने वाया जाते आणि धूर बायकांच्या डोळ्यांत जातो. मगनचुलीत जाळ बंदिस्त असतो. एकाच जाळावर पुढे अन्न शिजते, मागे पाणी तापते आणि धूर धुराड्यावाटे बाहेर पडतो. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीपही मगनवाडीचाच.

बेचाळीसच्या चळवळीनंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ लिहिला. कोळसा, खनिज तेल हा उपसला की संपणारा साठा. वाहते पाणी, वाढते रान हा चालता ओघ. साठ्यावर हक्क सांगण्यातून भांडणे आणि युद्धे उद्भवतात, असे त्यांनी त्यात मांडले. मुद्दल खाऊन चैन करू नये, हा हिशेबनिसाचा साधा नियम त्यांनी सृष्टीला लावला.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते गेले.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौरबंब आहे. नळाला आधी बादलीभर गार पाणी येते, तेवढाही धीर नसल्याने मी गिझर लावीत असे. आता ते पाणी आजीच्या तुळशीसाठी धरून ठेवतो. मागून ऊन पाणी येतेच.