पडद्याला खोली देणारा मेस्त्री : कलामहर्षी बाबूराव पेंटर
(बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी)

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण हे नाव कोणाच्या कष्टांनी सार्थ झाले, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी कितीजणांना उत्तर देता येईल? खरे सांगायचे तर मलाही येत नव्हते. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे एक स्मारक आहे. हातकणंगल्याहून कामासाठी कोल्हापूरला गेले की मी त्याच्या बाजूने अनेकदा गेले असेन. पण हा कॅमेरा कोणाचा आणि त्याचे स्मारक कशासाठी, हे विचारावेसे कधी वाटले नाही.

ते वाटण्याचे कारण घडले माझ्या वडिलांमुळे. माझे वडील सुतार. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीसाठी ते लाकडी पॅटर्न करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पॅटर्नचे काम मी लहानपणापासून पाहते आहे. कागदावर वस्तूची तीन चित्रे असतात : समोरून, वरून आणि बाजूने. त्या तीन सपाट चित्रांवरून वस्तू आधी मनात उभी करायची आणि मग ती लाकडात उतरवायची. शिवाय ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. म्हणून शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर या हिशेबाने पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा. हे सारे वडील शाळेत शिकले नाहीत, हाताने शिकले.

मागच्या वर्षी त्यांच्या कारखान्यात एक तरुण इंजिनियर आला. जुना, कडा झिजलेला एक पॅटर्न त्याने मेजावर ठेवला, मोबाईल घेऊन त्याच्याभोवती फिरला, पन्नास-साठ फोटो काढले आणि ते संगणकात घातले. थोड्या वेळाने तो पॅटर्न पडद्यावर जसाच्या तसा उभा राहिला. हवा तसा फिरवून पाठीमागूनही पाहता येऊ लागला. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, की झिजलेली कड मुळात कशी होती हे या यंत्राला कळते का? ते मात्र त्याला माणसानेच सांगावे लागते, असे उत्तर मिळाले. त्या रात्री जेवताना वडील फारसे बोलले नाहीत.

या विद्येला ‘कॉम्प्युटर व्हिजन’, म्हणजे संगणकाची दृष्टी, असे म्हणतात, हे मला नंतर कळले. सपाट चित्रांवरून वस्तूची लांबी, रुंदी आणि खोली शोधणे, तसेच चालत्या-धावत्या माणसाचे खांदे, कोपर, गुडघे ओळखून त्याची हालचाल टिपणे, हे या शास्त्राचे दोन मोठे प्रश्न आहेत. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. त्यातले गणित मला समजत नाही. पण याविषयी वाचताना मला सारखे वाटू लागले, की हेच दोन प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरातल्या एका मेस्त्रीने कुंचला, छिन्नी आणि लेथ घेऊन सोडवायला घेतले होते. त्यांचे नाव बाबूराव पेंटर. त्यांच्या चरित्राची अल्पशी ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव मेस्त्री यांचा हात अनेक कलांत चालत असे, आणि घर हीच बाबूरावांची शाळा झाली. चित्रकलेचे वा शिल्पकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. चुलतबंधू आनंदराव हे त्यांचे सोबती आणि गुरूही. दोघे मिळून चित्रे रंगवीत आणि त्या धंद्यावरूनच लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच कायम झाले.

तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. सन १९१० ते १९१६ या काळात या दोघा बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे फार गाजले. नाटकाचा पडदा म्हणजे काय, तर ताणून बांधलेले एक कापड. पण त्यावरचा राजवाडा प्रेक्षकाला खरा वाटला पाहिजे, खांबांची रांग दूरवर जाताना दिसली पाहिजे. त्यासाठी जवळचा खांब मोठा, दूरचा लहान, आणि उजेड एका बाजूने येतो आहे असे धरून सगळ्या सावल्या दुसऱ्या बाजूला काढायच्या. चित्रकलेत याला यथार्थदर्शन म्हणतात. हे कसब बाबूरावांच्या हाताला पक्के बसले होते.

परंतु या कसबाला एक मर्यादा आहे. रंगवलेली खोली एका जागेवरूनच खरी वाटते. नट चालत पडद्याजवळ गेला की दूरच्या डोंगरावर त्याची सावली पडते आणि सारा भास मोडतो. रोज पडदे रंगवणाऱ्या माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळली असली पाहिजे. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज मला इथे दिसते.

सन १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहून पेंटर बंधूंना सिनेमाचे वेड लागले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला आणि ते सिनेमाचे खेळ करू लागले. खेळ करता करता चित्रे हलतात कशी, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. आपण स्वतः चित्रपट काढायचा, हे ठरले. पण कॅमेरा आणायचा कुठून? परदेशी कॅमेऱ्याला लागणारा पैसा नव्हता. तेव्हा कॅमेरा घरीच तयार करायचा, असे आनंदरावांनी मनावर घेतले. दुर्दैव असे, की हे काम अर्धवट असतानाच सन १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले.

वाचकहो, हा प्रसंग कोणाही माणसाला खाली बसवणारा होता. भाऊ गेला, गुरू गेला आणि यंत्र जाणणारा हात गेला. पण बाबूराव खाली बसले नाहीत. विष्णुपंत दामले या यंत्रकुशल शिष्याला बरोबर घेऊन त्यांनी ते काम पुन्हा सुरू केले.

सिनेमाचा कॅमेरा म्हणजे नुसती अंधारी पेटी आणि भिंग नव्हे. फिल्म त्यातून सलग सरकून चालत नाही. ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून चित्र उमटले पाहिजे, झडप मिटली पाहिजे, आणि मगच फिल्म एका चित्राएवढी पुढे सरकली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे साधारणपणे सेकंदाला सोळा वेळा करावे लागे, आणि तेही हाताने दांडा फिरवून. प्रत्येक चित्रामागे फिल्मच्या दोन्ही कडांना चार-चार भोके. त्यात दाते बरोबर बसले पाहिजेत. दात्यात केसाएवढा फरक पडला तर पडद्यावर माणूस थरथरताना दिसणार. असे यंत्र कोल्हापुरात, लेथवर एकेक भाग कातून, या मंडळींनी सन १९१८ मध्ये पूर्ण केले. माणसाची चाल सोळा तुकड्यांत पकडून पुन्हा जिवंत करणारे यंत्र मेस्त्र्याच्या हातून तयार झाले!

जगात अशी धडपड आधीही झाली होती. अमेरिकेत सन १८७८ मध्ये मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडून घोड्याची धाव टिपली होती. पॅरिसमध्ये विलेम नावाच्या शिल्पकाराने तर माणसाला मध्यभागी उभे करून भोवती चोवीस कॅमेरे लावले आणि त्या चोवीस बाह्यरेषांवरून पुतळा घडवण्याची युक्ती काढली. ती १८६० च्या सुमाराची गोष्ट. मोबाईल घेऊन पॅटर्नभोवती फिरणारा आमच्याकडचा इंजिनियर याच वाटेने चालला होता, असे मला आता वाटते.

कॅमेरा होता, पण भांडवल नव्हते. ते दिले गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका कलावंत स्त्रीने दुसऱ्या कलावंताच्या वेडावर विश्वास ठेवला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १ डिसेंबर १९१७ हा तिचा स्थापनादिन मानला जातो आणि दरवर्षी त्या दिवशी खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याचे पूजन होते.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. सिनेमात काम करणे त्या काळी हलके समजले जाई. घरंदाज स्त्रिया त्यासाठी पुढे येईनात. अखेर गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी ते धाडस केले. पुढे त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी हे काम पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबूरावांचे खरे वेगळेपण मात्र पुढे आहे. त्यांनी चित्रपटातून रंगवलेले पडदे हद्दपार केले. ज्या कलेवर त्यांनी नाव कमावले, तीच त्यांनी बाजूला ठेवली! त्यांच्या जागी भिंती, खांब, जिने असे प्रत्यक्ष बांधलेले नेपथ्य आले. नट आता चित्रासमोर उभा न राहता घरात वावरू लागला, खांबामागून येऊ लागला. चित्रीकरणाआधी बाबूराव पात्रांच्या वेषांची आणि हालचालींची रेखाटने करीत. मूकपटात नटाला जीभ नसते. मान, खांदे, हात आणि चाल यांनीच त्याला बोलावे लागते. १९७३ मध्ये स्वीडनच्या योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या सांध्यांवर बारीक दिवे लावून त्याला अंधारात चालवले. केवळ त्या ठिपक्यांवरून पाहणाऱ्यांनी चालणारा माणूस ओळखला. आजचा संगणक सांध्यांवरून माणूस ओळखतो, तो याच जातीच्या ज्ञानावर. बाबूरावांना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण चालीतच माणूस असतो, हे त्यांच्या पेन्सिलीला ठाऊक होते.

सन १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. बाजूने पडणारा उजेड चेहऱ्याला गोलाई देतो, हे शिल्पकाराला वेगळे सांगावे लागत नाही. ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाला लंडनजवळच्या वेंब्ले येथील प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटांच्या सचित्र माहितीपुस्तिका त्यांनी काढल्या, भित्तिचित्रे स्वतः रंगवली. आणि १९२५ मध्ये आला ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा मूकपट. देव आणि राजे यांना सोडून बाबूरावांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी येतो. ही भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली.  आपल्या भागातल्या कितीतरी घरांची ही कहाणी आहे, आमच्या घराचीही. आजोबांची जमीन गेली म्हणून वडिलांच्या हाती रंधा आला.

सन १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे बिनीचे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनीला यानंतर उतरती कळा लागली. १९३१ मध्ये बोलपट आला, त्याचेही बाबूरावांना विशेष आकर्षण वाटले नाही. पाहण्याची कला शब्दांखाली दबून जाईल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट काढले, ‘सावकारी पाश’ही १९३६ मध्ये पुन्हा केला, १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. पण त्यांचे मन रमले ते पुन्हा चित्रांत आणि शिल्पांत. मला यात हार दिसत नाही. सपाट पडद्यापासून निघालेला हा माणूस शेवटी पुतळ्यापाशी पोचला. चित्राला पाठ नसते, पुतळ्याला असते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. ‘सैरंध्री’ आपल्याला पाहता येत नाही. उरली ती त्यांची शिष्यपरंपरा. ‘प्रभात’ पुण्याला गेली, दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. स्वतः रीतसर न शिकलेल्या मेस्त्र्याच्या शिष्यांच्या आवारात आज देशभरातील मुले शिकतात!

हे सारे वाचून झाल्यावर मी वडिलांना बाबूरावांची हकीकत सांगितली. दातांची चाके लेथवर कशी कातली असतील, यावर ते तासभर बोलत होते. मग पुढच्या रविवारी आम्ही दोघे खरी कॉर्नरला गेलो. वडिलांनी पायातल्या चपला काढल्या आणि यंत्राला दसऱ्याला करतात तसा त्या कॅमेऱ्याला नमस्कार केला. नवे यंत्र आले की जुना हात वाया जातो, असे त्यांना वर्षभर वाटत होते. बाबूरावांचे चरित्र मात्र निराळे सांगते. त्यांनी नवे यंत्र पाहिले, आणि पडदे रंगवणारा हातच ते यंत्र घडवायला लावला. आता वडील त्या इंजिनियरशेजारी बसून झिजलेल्या कडा कुठे आणि किती भरायच्या, ते सांगतात. तो मुलगा ते लिहून घेतो.

बी. ए. करून काय होणार, असे मला अनेकजण विचारतात. माझ्याकडे अजून मोठे उत्तर नाही. पण हाताला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवणारे कोणी घरात असावे, एवढे मला नक्की वाटते. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!