नाताळ कधी म्हणून पोरं भंडावून सोडायची, मग त्यांनी गाडीचं चाक छताला टांगलं

डिसेंबर लागला की चर्चमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. हिरव्या पानांचं गोल कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन. चारही पेटल्या की समजायचं, नाताळ दाराशी आला. नाताळच्या आधीच्या या चार रविवारांच्या काळाला ॲडव्हेंट म्हणतात. आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती घरांत त्याला आगमनकाळ म्हणतात.

आता हे कडं इतकं जुनं वाटतं की ते थेट येशूच्या काळापासून चालत आलं असावं. पण तसं नाहीये. त्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. आणि ते कुठल्या पोपने किंवा राजाने सुरू केलं नाही. ते सुरू झालं रस्त्यावरच्या भुरट्या पोरांसाठी.

ते करणाऱ्या माणसाचं नाव योहान हिनरिश विखर्न.

विखर्नचा जन्म २१ एप्रिल १८०८ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातला. सात भावंडांत हा थोरला. घरची परिस्थिती बेताची. त्यात तो पंधरा वर्षांचा असताना वडील गेले. थोरला म्हणून घराचा भार त्याच्या खांद्यावर आला. शिकण्याच्या वयात त्याने दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला घेतलं. शिकवण्या करायच्या, पियानो शिकवायचा आणि मिळेल तो पैसा आईच्या हातात ठेवायचा, असा त्याचा दिनक्रम होता.

पुढे ओळखीच्या लोकांनी मदत केली म्हणून तो ग्योटिंगेन आणि बर्लिनला धर्मशास्त्र शिकू शकला. शिकून परत आला तेव्हा हॅम्बुर्ग हे बंदरामुळे श्रीमंत झालेलं शहर होतं, पण ती श्रीमंती गल्लीबोळांत पोचलेली नव्हती. १८३२ मध्ये विखर्न तिथल्या सांक्ट गेओर्ग भागात गरीब मुलांच्या रविवारच्या शाळेत शिकवू लागला. मुलं शाळेत का येत नाहीत हे बघायला तो त्यांच्या घरी जायचा. एकाच खोलीत अख्खं कुटुंब, अंथरायला गवत, बाप दारूत आणि पोरं भीक मागायला किंवा चोऱ्या करायला बाहेर.

ही मुलं पकडली गेली की तुरुंगात जायची आणि मोठ्या गुन्हेगारांमध्ये राहून पक्की होऊन बाहेर यायची. रविवारी एक तास शिकवून हे बदलणार नाही, हे विखर्नच्या लक्षात आलं. पोरांना शाळा नको होती असं नाही, पण त्यांना आधी घर हवं होतं.

अडचण एकच होती. घर आणायचं कुठून?

शहरातले एक वजनदार अधिकारी कार्ल झीवेकिंग यांनी ती सोडवली. हॅम्बुर्गबाहेर हॉर्न नावाच्या गावात त्यांच्या मालकीचं एक जुनं गवती छपराचं घर होतं. ते त्यांनी देऊन टाकलं. त्या घराला लोक राउहेस हाउस म्हणायचे. अर्थ घ्यायचा तर खडबडीत घर. १८३३ च्या शरद ऋतूत पंचवीस वर्षांचा विखर्न आपल्या आईला घेऊन तिथे राहायला गेला आणि थोड्याच दिवसांत पोरं यायला लागली.

इथून पुढे विखर्न यांनी जे केलं ते त्या काळात वेडेपणाचं होतं. सुधारगृह म्हटलं की उंच भिंत, कुलूप आणि छडी हे ठरलेलं. विखर्न यांनी यातलं काहीच ठेवलं नाही. घराभोवती मातीचा बांध होता, तोही पोरांकडूनच खणून काढला. नव्या आलेल्या मुलाला ते सांगायचे की मागचं सगळं माफ आहे, आणि त्याच्या जुन्या गुन्ह्यांबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीत चाललं असं नाही. काही पोरं पळून गेली, काहींनी तिथेही चोऱ्या केल्या. पण पळालेल्याला शोधून परत आणायचं आणि पुन्हा ताटावर बसवायचं, हा क्रम मोडला नाही. दहा-बारा मुलांचं एक कुटुंब करायचं आणि त्यांच्यासोबत एक मोठा माणूस भावासारखा राहणार, अशी पद्धत बसली. मुलं शेती, सुतारकाम, शिवणकाम शिकली. जागा पुरेना तेव्हा नवी घरं बांधायलाही मुलांचेच हात लागले. १८३५ मध्ये विखर्न यांचं अमांडा ब्योमं हिच्याशी लग्न झालं आणि तीही याच संसारात सामील झाली. पुढे मुलींनाही घेतलं जाऊ लागलं.

आता येऊया चाकाकडे.

डिसेंबर आला की पोरं रोज एकच प्रश्न विचारायची. नाताळ कधी? ज्यांच्या घरात कधी सणच झाला नाही, त्यांच्यासाठी ही वाट बघणं लहान गोष्ट नव्हती. १८३९ साली विखर्न यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि ते प्रार्थनेच्या खोलीत छताला टांगलं. रोज संध्याकाळी सगळे जमायचे, गाणी म्हणायचे आणि एक मेणबत्ती पेटवायची. साध्या दिवशी लाल, रविवारी पांढरी.

हिशोबही चोख होता. त्या वर्षी ॲडव्हेंटचा पहिला रविवार १ डिसेंबरला आला होता. म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत चार रविवार आणि वीस इतर दिवस. पोरं मेणबत्त्या मोजायची, म्हणजे गणितही व्हायचं. आणि उरलेल्या मेणबत्त्या बघितल्या की नाताळ किती लांब आहे हे विचारायची गरजच राहायची नाही.

विखर्न मात्र त्या एका घरापुरते थांबले नाहीत. १८४८ च्या सुरुवातीला अप्पर सायलेशियात टायफसची साथ आली, तेव्हा अनाथ झालेल्या मुलांसाठी ते सहकाऱ्यांना घेऊन तिथे गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विटेनबर्गच्या सभेत त्यांनी आयत्या वेळी भाषण केलं. श्रद्धेइतकंच प्रेमाचं कामही चर्चचं स्वतःचं काम आहे, हा त्याचा गाभा. त्यातून इनर मिशन ही चळवळ उभी राहिली. आज जर्मनीत रुग्णालयं, वृद्धाश्रम आणि अनाथालयं चालवणारी डियाकोनी ही मोठी संस्था तिचाच वारसा सांगते.

त्यांचं सगळंच लोकांना पटलं असंही नाही. गरिबीचं मूळ ते श्रद्धा हरवण्यात शोधायचे आणि १८४८ च्या क्रांतीकडे संशयाने बघायचे. नंतर प्रशियाच्या सरकारने त्यांना तुरुंग सुधारणेच्या कामाला घेतलं. तेव्हा सरकारी तुरुंगात एका धार्मिक संस्थेची माणसं कशाला, म्हणून जोरदार टीका झाली. शेवटची वर्षं आजारपणात गेली. ७ एप्रिल १८८१ रोजी हॅम्बुर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

चाक मात्र फिरत राहिलं. घराघरांत चोवीस मेणबत्त्यांना जागा कुठून आणणार? म्हणून रविवारच्या चारच उरल्या आणि लाकडी चाकाच्या जागी सूचिपर्णी फांद्यांचं कडं आलं. ही रीत आधी प्रोटेस्टंट घरांत पसरली. १९२५ च्या सुमारास कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये ते कडं लागलं आणि मग जगभर गेलं.

राउहेस हाउस आजही हॅम्बुर्गमध्ये सुरू आहे. आणि वसईच्या एखाद्या चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटते, तेव्हा तिच्यामागे ती पोरं असतात, ज्यांना गावाने चोर ठरवलं होतं आणि एका माणसाने रोज संध्याकाळी एक दिवा लावून सांगितलं होतं की सण तुमचाही आहे.