अर्धेच स्वीकारलेले र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र अजूनही काहीशा दबक्या आवाजातच घेतले जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईच्या गिरगावात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला तो याच वर्षी. या योगायोगाचा उल्लेख करून आणि कर्व्यांना काळाच्या पुढचे ठरवून आपण बहुधा थांबतो. पण गिरगावात त्यांनी जे सांगितले ते कोणापर्यंत पोचले? मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरात जे गेले आणि लातूर जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यात जे गेले, ते एकच होते काय? हा प्रश्न त्यांच्या चरित्राशी जोडूनच विचारला पाहिजे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा. कोकणातले मुरूड हे त्यांचे मूळ गाव. आई राधाबाई यांचे लग्न आठव्या वर्षी झालेले. १८९१ मध्ये बाळंतपणात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्या अवघ्या २७ वर्षांच्या होत्या आणि रघुनाथ ९ वर्षांचा. माणसाच्या साऱ्या आयुष्याचा उलगडा त्याच्या बालपणीच्या एका दुःखातून करण्याची चरित्रकारांना फार हौस असते. ती येथे आवरलेली बरी. त्या काळी बाळंतपणात आई दगावणे घरोघरी घडत होते आणि त्यातून सगळीच मुले समाजसुधारक झाली नाहीत. तरीही, स्त्रीच्या वाट्याला येणारी लादलेली गर्भारपणे हा ज्याच्या जीवनकार्याचा विषय झाला, त्याची आई अशी गेली होती, ही नोंद वगळता येत नाही.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी कुटुंबाला वाळीत टाकले. ११ वर्षांच्या मुलाने हे सारे पाहिले. पटलेल्या मताची किंमत घरादाराला मोजावी लागते, हा धडा त्याला पुस्तकात शोधावा लागला नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९च्या मॅट्रिकला ते पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाले. विषय गणित. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. उच्च अभ्यासासाठी १९१९ मध्ये पॅरिसला गेले आणि फ्रेंच भाषेबरोबरच तिकडचा मोकळा, बुद्धिनिष्ठ विचारही घेऊन परतले. गृहीत काय, सिद्ध काय आणि निष्कर्ष काय, हे विचारण्याची गणितज्ञाची सवय त्यांनी पुढे विवाहसंस्थेलाही लावली. लोकांना ती सोसली नाही.

त्यांचा विवाह मालतीबाईंशी झाला. आपल्या कार्याला वाहून घेता यावे म्हणून या दांपत्याने मूल होऊ द्यायचे नाही असे ठरविले. या निर्णयाचे श्रेय नेहमी रघुनाथरावांना दिले जाते. पण ज्या समाजात मूल नसलेल्या स्त्रीला ओटीभरणाला बोलावीत नसत आणि वांझ म्हणून तिच्याकडे पाहिले जाई, त्या समाजात या निर्णयाचे बोल कोणी ऐकले असतील? मालतीबाईंची साथ नसती तर कर्व्यांचे कार्य चार-दोन वर्षांत आटोपले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

गिरगावातील केंद्र आणि साधने पुरविणारी त्यांची राइट एजन्सी यांची कुजबुज विल्सन महाविद्यालयापर्यंत पोचली. ते ख्रिस्ती मिशनचे महाविद्यालय. हा प्रचार तरी सोडा किंवा नोकरी तरी, असा पेच पडला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. पगार गेला, प्रतिष्ठा गेली. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमन हे पुस्तक निघाले आणि १५ जुलै १९२७ रोजी समाजस्वास्थ्य या मासिकाचा पहिला अंक. मुखपृष्ठावर बहुधा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. मानवी शरीरात लाजण्यासारखे काही नाही, हे आतल्या लेखांइतकेच ठामपणे सांगण्यासाठी. संपादक, लेखक, मुद्रितशोधक, हिशेबनीस बव्हंशी तेच. वाचकांच्या अत्यंत खाजगी शंकांना ते कोरड्या, शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. आजच्या वाचकाला ती उत्तरे रूक्ष वाटतील, पण तोच त्यांचा मोठा गुण होता. चाळवणे हा त्यांचा हेतू नव्हता आणि उपदेश करणे तर मुळीच नाही.

त्या काळी संततिनियमनाचा पुरस्कार करणारे कर्वे एकटे नव्हते. मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले होते, मद्रासेत नवमाल्थुसवादी मंडळी होती; म्हैसूर संस्थानने तर १९३० मध्ये सरकारी केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. परंतु यांतील बहुतेकांचा युक्तिवाद लोकसंख्येचा होता : दारिद्र्य आहे, तोंडे फार आहेत, ती कमी करा. कर्व्यांनाही लोकसंख्येची चिंता होती आणि दुर्बल संततीविषयीचे त्या काळचे सुप्रजननवादी विचार त्यांच्याही लेखनात डोकावतात. ते झाकण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या मांडणीचा गाभा वेगळा होता. मूल केव्हा हवे, किती हवीत, हवे की नको, हे स्त्रीने ठरवायचे. कामसुख हा पुरुषाइतकाच स्त्रीचाही अधिकार आहे आणि गर्भधारणेची भीती दूर झाल्याखेरीज तो अधिकार पोकळ आहे. साधन त्यांच्या दृष्टीने स्त्रीच्या स्वातंत्र्यासाठी होते, देशाच्या हिशेबासाठी नंतर. हा दुसरा अर्धा भागच आपण पुढे टाकून दिला.

तो टाकला जाण्याआधीही त्यांचे म्हणणे फार थोड्यांपर्यंत पोचत होते. त्या काळची साधने म्हणजे रबरी टोपी, निरोध, शुक्रजंतुनाशक मलम. पुष्कळशी परदेशी आणि महाग. टोपी योग्य मापाची बसवायला जाणकार हवा, वापरायला आणि धुऊन ठेवायला आडोसा हवा, पाणी हवे. गिरगावातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडातही हे जुळविणे कठीण; शेतमजुराच्या झोपडीत तर कल्पनाच नको. शिवाय सारा प्रचार छापील शब्दावर. १९३१च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. जळकोट तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात; तिथल्या सर्वसामान्य स्त्रीच्या दृष्टीने मुंबई हे दुसऱ्या राज्यातले, मराठी मासिक हे न वाचता येणाऱ्या भाषेतले आणि संततिनियमन हे ऐकण्याबाहेरचे. कर्व्यांचा वाचक शहरी, शिकलेला, मनिऑर्डर पाठवू शकणारा होता. बुद्धीला पटले की माणूस बदलतो, असा त्यांचा विश्वास होता; बुद्धीला पटूनही ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याचे काय, याचे उत्तर एकट्याच्या मासिकाजवळ असणे शक्यही नव्हते.

हा प्रश्न ज्यांना बरोबर दिसला, ते कर्व्यांचे वकील झाले. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला होता. १०० रुपये दंड झाला आणि अपिलातही तो टिकला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सारेच अश्लील ठरविता येत नाही आणि लोक शंका विचारीत असतील तर त्यांना ज्ञान देणे हाच उपाय आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. २०० रुपये दंड झाला.

पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा आणि त्यासाठी साधने पुरविण्याचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. गरीब घरातील स्त्रीच्या प्रकृतीची आणि उपासमारीची बाजू त्यात होती. सोय सरकारने करावी, असा आग्रह होता. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. कर्व्यांचे गिरगाव आणि जळकोट यांच्यामधले अंतर कमी करू शकणारा कदाचित तो एकमेव मार्ग होता. महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना असलेला विरोध आणि ब्रह्मचर्याचा पुरस्कार यांचे दडपणही काँग्रेस पक्षावर होतेच. कर्व्यांनी गांधीजींच्या या भूमिकेवर कठोर टीका केली आणि उरलेसुरले हितचिंतकही गमावले.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. त्यानंतरची नऊ वर्षे कर्वे एकाकी होते. मासिक तोट्यात चालले होते, तरी ते वेळेवर निघत राहिले. शकुंतला परांजपे यांच्यासारख्या सहकारी हे काम पुण्यात चालवीत होत्या. पुढे त्यांनी ते विधान परिषदेपर्यंत आणि राज्यसभेपर्यंत नेले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. राष्ट्रीय पातळीवर असे करणारा भारत हा जगातला पहिला देश. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले. समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक त्यानंतर महिन्याने, नोव्हेंबरमध्ये निघाला. वडील अण्णासाहेब त्यानंतरही नऊ वर्षे जगले, शंभरी पार केली आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. मुलाच्या वाट्याला हयातीत दंडाच्या पावत्या आल्या.

सरकारने कर्व्यांचा विषय उचलला, पण उद्दिष्टाच्या आकड्यांसह. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवर. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. या सक्तीचा फटका राज्यकर्त्यांना बसला आणि त्यानंतर सरकारने पुरुषाचा नाद सोडून सारा भार स्त्रीवर टाकला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पतीची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. बहुतेकींवर ती पंचविशीच्या आगेमागे होते.

येथे एक नेहमीचा गैरसमज दूर केला पाहिजे. गरीब, अशिक्षित स्त्री कुटुंबनियोजन करीत नाही, असे शहरात बसून आपण मानतो. महाराष्ट्रापुरते ते खरे नाही. ती करते, पण तिच्यापुढे एकच दार उघडे असते. शिक्षण आणि उत्पन्न वाढत जाते तसतसे निरोधसारख्या तात्पुरत्या साधनांचे प्रमाण वाढते आणि शस्त्रक्रियेचे घटते, हे या पाहण्या सातत्याने दाखवितात. पुण्यातील नोकरदार स्त्री दोन मुलांत अंतर ठेवते, साधन बदलते, नको वाटले की थांबविते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या स्त्रीला अशी सवड नसते. लवकर लग्न, लागोपाठ मुले आणि मग कायमचा टाका, हा तिचा क्रम.

हा टाका किती कायमचा असतो, हे लातूर जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात पाहिले. किल्लारीच्या परिसरात एका पहाटे असंख्य मुले ढिगाऱ्याखाली गेली आणि शस्त्रक्रिया झालेल्या आयांपुढे बंद केलेली नलिका पुन्हा जोडून घेण्याचा बिकट प्रश्न उभा राहिला. तात्पुरते साधन वापरणाऱ्या स्त्रीला तो कधी पडलाच नसता.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये शस्त्रक्रिया शिबिरात तेराहून अधिक स्त्रिया दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. २०१७ पासून अंतरा हे तिमाही इंजेक्शन आणि छाया ही आठवड्याची गोळी सरकारी दवाखान्यांत मोफत देण्याची योजना आली. आशा कार्यकर्तीने गोळ्या आणि निरोध घरपोच द्यावेत, ही व्यवस्था २०११ची. कागदावर, म्हणजे, जळकोटच्या वाडीतांड्यावरच्या स्त्रीलाही आता निवड आहे. ती निवड तिला कोणी समजावून सांगते का, आणि नवऱ्याला व सासूला बाजूला ठेवून तिला विचारते का, हे पाहायला मात्र दवाखान्याच्या नोंदवहीत रकाना नाही.