ब्रायन पिकोलो: राखीव खेळाडूची किंमत नेमकी मोजायची कशी?

फॅन्टसी फुटबॉलचा नवा ड्राफ्ट जवळ आलाय, म्हणून या वेळी राखीव रनिंग बॅक कसा निवडायचा ते समजून घेऊ. पण या वेळी ॲपच्या स्क्रीनशॉटपासून सुरुवात करणार नाही. आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. तो जाऊन ५० वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी राखीव खेळाडूबद्दल मला त्याच्याकडून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच चार्टवरून कळलं नाही.

त्याचं नाव माझ्यापर्यंत कसं आलं ते सांगायला मला थोडी लाज वाटते. मी पुण्यात बसून अमेरिकन टीमबरोबर काम करतो आणि त्यांच्या ऑफिसच्या लीगमध्ये खेळतो. गेल्या हंगामात एका रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. दुसऱ्या कुणाच्या तरी टीममधला एक मोठा रनिंग बॅक जखमी झाला होता आणि त्याचा राखीव माझ्याकडे होता. मी ग्रुपवर नाचणारे इमोजी टाकले. दोन मिनिटांनी व्हिडिओ पाहिला, तर तो खेळाडू गाडीवरून मैदानाबाहेर नेला जात होता आणि त्याने टॉवेलने तोंड झाकलं होतं. शिकागोच्या एका सहकाऱ्याने मला खाजगीत एवढंच सुचवलं, की ब्रायन पिकोलो कोण होता ते एकदा बघ. मी बघितलं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावणारा जो खेळाडू असतो, तो रनिंग बॅक. प्रत्येक धावेला त्याला दोन-तीन धिप्पाड माणसं आडवी करतात, त्यामुळे दुखापती भरपूर होतात. आपल्या फॅन्टसी क्रिकेटमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक सामन्याला नवी टीम लावतात. फॅन्टसी फुटबॉलच्या नेहमीच्या लीगमध्ये हंगामाआधी एकदा ड्राफ्ट होतो आणि तीच टीम घेऊन महिनोन्‌महिने झुंजायचं असतं. म्हणून तिथे राखीव खेळाडू महत्त्वाचा. आपल्याच मुख्य रनिंग बॅकचा राखीवही आपणच घेऊन ठेवला, तर त्याला हँडकफ म्हणतात. हँडकफ म्हणजे बेडी, दोघं एकाच बेडीत अडकवलेले.

या खेळाचा पहिला ड्राफ्ट १९६३ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये झाला. त्या वेळी पिकोलो कॉलेजात होता.

कुणीच न निवडलेला मुलगा

ब्रायन पिकोलोचा जन्म ३१ ऑक्टोबर १९४३ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. तो लहान असतानाच घरचे फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला राहायला गेले. कॉलेजसाठी तो नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्टला गेला. तिथली टीम काही दादा नव्हती, १९६३ साली तिने १० सामन्यांत एकच जिंकला होता.

त्याच वर्षीचा एक प्रसंग आहे. मेरीलँडची टीम वेक फॉरेस्टला खेळायला आली होती. तिच्यात डॅरिल हिल होता, त्या कॉन्फरन्समधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू. प्रेक्षक त्याच्यावर वाट्टेल ते ओरडत होते. पिकोलो त्याच्याजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन सगळ्यांच्या देखत आपल्याच प्रेक्षकांसमोर उभा राहिला. गर्दीचा आवाज खाली आला.

१९६४ साली त्याने कमाल केली. १,०४४ यार्ड धावला आणि १११ गुण मिळवले. दोन्ही आकडे त्या वर्षी मोठ्या कॉलेजांमध्ये देशात सगळ्यांत जास्त होते. वेक फॉरेस्टनेही १० पैकी ५ सामने जिंकले.

आता तुम्ही म्हणाल, मग ड्राफ्टमध्ये त्याच्यावर उड्या पडल्या असतील. नाही. एनएफएलच्या १९६५ च्या ड्राफ्टमध्ये १४ संघांनी २० फेऱ्यांत २८० जणांना निवडलं, त्यांत पिकोलो नव्हता. दुसऱ्या लीगनेही त्याला घेतलं नाही. संघांच्या मते तो पुरेसा मोठा नव्हता आणि पुरेसा वेगवानही नव्हता.

म्हणजे मूल्यमापनाचा जो वाद आज आपण डेटा सायन्सच्या भाषेत घालतो, तो तेव्हाही होता. मैदानावरची कामगिरी धरायची की मोजपट्टी आणि स्टॉपवॉच? संघांनी दुसरं धरलं.

टॅक्सी स्क्वाडपासून सुरुवात

शिकागो बेअर्सने त्याला ड्राफ्टबाहेरून करार देऊन घेतलं. आणि गंमत बघा, त्याच ड्राफ्टमध्ये बेअर्सने चौथ्या क्रमांकावर गेल सेयर्स नावाचा रनिंग बॅक घेतला होता. सेयर्स म्हणजे त्या काळातली वीज. एकाच जागेसाठी एक देशात चौथा निवडलेला आणि दुसरा कुणालाच नको असलेला!

१९६५ चं पूर्ण वर्ष पिकोलो टॅक्सी स्क्वाडवर होता. म्हणजे सराव करायचा, पण सामन्यात उतरायचं नाही. तोवर शाळेपासूनची मैत्रीण जॉय हिच्याशी त्याचं लग्न झालं होतं, पुढे त्यांना तीन मुली झाल्या. १९६६ मध्ये तो मुख्य संघात आला, पण वर्षभरात त्याला चेंडू घेऊन धावायची संधी मिळाली फक्त ३ वेळा. १९६७ मध्ये तो सेयर्सचा खरा राखीव झाला आणि ८७ धावांत त्याने ३१७ यार्ड काढले.

त्याच वर्षी दोघांना दौऱ्यावर एका खोलीत राहायला सांगितलं गेलं. सेयर्स कृष्णवर्णीय, पिकोलो गोरा. तेव्हा एनएफएलमध्ये अशी जोडी सहसा कुणी पाहिलेली नव्हती. सेयर्स अबोल, तर पिकोलो अखंड बडबड्या आणि टिंगलखोर. वंशाच्या विषयावरसुद्धा दोघं एकमेकांची थट्टा करत. दिवसा एकाच जागेचे दावेदार, रात्री एकाच खोलीतले सोबती.

१० नोव्हेंबर १९६८

१९६८ मध्ये पहिल्या ९ सामन्यांत सेयर्सने १३८ धावांत ८५६ यार्ड काढले होते, म्हणजे दर धावेला ६.२. मग १० नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यावर आघात झाला आणि अस्थिबंध फाटले. त्याचा हंगाम तिथेच संपला.

पिकोलो वर्षानुवर्षं ज्या दारापुढे उभा होता, ते दार असं उघडलं. माझ्यासारखा माणूस तिथे इमोजी टाकतो. त्याने काय केलं? उरलेल्या सामन्यांत सेयर्सच्या जागी मन लावून खेळला. आणि मैदानाबाहेर त्याच सेयर्सच्या मागे लागला, की व्यायाम कर, गुडघा वाकव, परत ये. सेयर्स बरा झाला की आपली जागा जाणार, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

सेयर्स परत आला. १९६९ मध्ये त्याने १,०३२ यार्ड काढून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पिकोलो पुन्हा बाकावर.

आकडे काय सांगतात?

आता थोडं गणित करू. १९६८ च्या हंगामात पिकोलोचे आकडे असे होते: १२३ धावा, ४५० यार्ड, २ टचडाउन, शिवाय २८ झेल आणि त्यांवर २९१ यार्ड. आजच्या नेहमीच्या पद्धतीने (१० यार्डला १ गुण, टचडाउनला ६) फम्बल वगळून ८६.१ गुण होतात. झेलाला १ गुण देणाऱ्या लीगमध्ये ११४.१. त्या वेळी हंगाम १४ सामन्यांचा होता, म्हणजे सामन्यामागे साधारण ८.

यातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली: काम राखीवाकडे येतं, प्रतिभा येत नाही. सेयर्सची सरासरी ६.२ होती आणि त्याच वर्षी, त्याच संघात पिकोलोची ३.७. मुख्य खेळाडूचे आकडे जसेच्या तसे राखीवाच्या नावावर टाकणं ही ड्राफ्टमधली सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. त्याला किती वेळा चेंडू मिळेल याचा अंदाज मुख्य खेळाडूवरून बांधा, पण सरासरी त्याची स्वतःचीच धरा.

दुसरी: झेल घेणारा राखीव जास्त भरवशाचा. पिकोलोच्या एकूण ७४१ यार्डांपैकी सुमारे ३९ टक्के झेलांतून आले. धावायला जागा मिळो न मिळो, हे काम सुरू राहतं. शिवाय क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवता येत असेल, तर प्रशिक्षक अशा खेळाडूला मैदानावरून काढत नाही.

तिसरी: जागा रिकामी झाल्यावर काम एकाकडे जाणार की तिघांत वाटलं जाणार, हे आधी तपासा. संघाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नाव असणं म्हणजे वारसा मिळेलच असं नाही. सराव सामन्यांत पहिल्या फळीबरोबर कोण उतरतो ते बघा.

ॲपमधला एकूण अंदाज का फसवतो?

समजा, मुख्य खेळाडू असताना राखीव ४ गुण काढतो आणि नसताना १२. १७ सामन्यांपैकी ४ सामने मुख्य खेळाडू बाहेर राहील असा अंदाज आहे. ॲप हिशेब करतं: १३ × ४ अधिक ४ × १२, म्हणजे १००. सामन्यामागे ५.९. दिसायला अगदीच फुटकळ, म्हणून यादीत तो खाली जातो.

पण तुम्ही त्याला ते १३ आठवडे खेळवणारच नाही! बाकावरचे गुण धरले जात नाहीत. खरा हिशेब त्या ४ आठवड्यांचाच. तेव्हा तुम्ही दुसरा कुणी लावला असता तर समजा ७ गुण मिळाले असते. म्हणजे राखीवामुळे आठवड्याला ५, एकूण २० गुणांचा फायदा. या २० गुणांसाठी वर्षभर बाकावरची एक जागा अडवायची का, एवढाच प्रश्न असतो. थोडक्यात, राखीवाची किंमत सरासरीत नसते, अटीत असते: अमुक झालं तर तमुक.

१६ नोव्हेंबर १९६९

१९६९ च्या हंगामात बेअर्स १४ पैकी १३ सामने हरले. त्यातच फुलबॅक जखमी झाला आणि पिकोलोला त्या जागेवर उतरवलं. अखेर दोघं मित्र एकाच वेळी मैदानावर आले, एकमेकांच्या जागी नाही तर शेजारी शेजारी.

हे फार टिकलं नाही. पिकोलोला काही दिवस खोकला होता. १६ नोव्हेंबरला अटलांटात त्याने टचडाउन केलं आणि मग स्वतःच मैदानाबाहेर आला. श्वास घेता येत नव्हता. जो खेळाडू संधीसाठी चार वर्षं थांबला, तो आपणहून बाहेर येतो म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

तपासणीत छातीत गाठ निघाली, कर्करोगाची. न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली, पण आजार पसरत गेला. मे १९७० मध्ये सेयर्सला धैर्यासाठीचा जॉर्ज हालास पुरस्कार मिळाला, गुडघ्यातून उठून परत आला म्हणून. त्याने भरसभेत सांगितलं, की या पुरस्काराचा खरा मानकरी ब्रायन आहे.

१६ जून १९७० ला ब्रायन पिकोलो गेला. वय २६. या जातीच्या कर्करोगावर प्रभावी ठरलेलं सिस्प्लॅटिन हे औषध अमेरिकेत मंजूर झालं १९७८ साली, म्हणजे आठ वर्षं उशिरा.

बेअर्सने त्याचा ४१ क्रमांक कायमचा निवृत्त केला. १९७१ साली त्याच्यावर आणि सेयर्सवर टीव्ही चित्रपट निघाला आणि घराघरांत त्याचं नाव पोहोचलं. १९८० साली वेक फॉरेस्टच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या नावाने कर्करोग संशोधनासाठी निधी सुरू केला. ९२७ यार्ड आणि धावून केलेले ४ टचडाउन, एवढीच ज्याची कारकीर्द, त्याचा क्रमांक आज दुसरा कुणी घालत नाही.

मग ड्राफ्टमध्ये मी काय करणार?

राखीव घेण्याचे दोन प्रकार आहेत. आपल्याच मुख्य खेळाडूचा राखीव घेतला तर तो विमा. दुसऱ्याच्या मुख्य खेळाडूचा घेतला तर ते लॉटरीचं तिकीट. छोट्या लीगमध्ये, जिथे बाजारात बरे खेळाडू शिल्लक असतात, तिथे विम्यावर जागा घालवू नका. मोठ्या लीगमध्ये शेवटच्या फेऱ्यांत दोन्ही चालतात, फक्त आधी झेल घेणारा आणि वारसा पक्का असलेला शोधा.

माझ्या शीटमध्ये दुखापतीच्या शक्यतेचा रकाना आहेच, तो काढून चालणार नाही. पण शक्यता मोजणं वेगळं आणि ती खरी व्हावी म्हणून डोळे लावून बसणं वेगळं. हिशेबाला माझ्या इच्छेची गरज नाही. पिकोलोलाही सेयर्सच्या गुडघ्याचं गणित माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, त्याच्या तर पोटापाण्याचा प्रश्न होता. तरी तो मित्राला परत उभं करत राहिला.

त्या रात्रीचे इमोजी मी दुसऱ्या दिवशी डिलीट केले. राखीव मात्र ठेवला, आणि पुढच्या रविवारी खेळवलासुद्धा. पण या वर्षी दुखापतीचे अलर्ट बंद करून ठेवणार आहे. बातमी सकाळी चहाबरोबर वाचली तरी टीम वेळेत बदलता येते.

तुमचा ड्राफ्ट चांगला जावो, आणि तुमचा राखीव वर्षभर बाकावरच बसून राहो!