सर विल्यम ग्रोव्ह

वेल्समधील स्वान्झी हे तांबे गाळण्याच्या भट्ट्यांसाठी त्या काळी प्रसिद्ध असलेले बंदर होते. तेथे ११ जुलै १८११ रोजी विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथील शिक्षण पुरे करून १८३५ साली ते बॅरिस्टर झाले. परंतु प्रकृती साथ देईना, तेव्हा वकिली बाजूला ठेवून ते आपल्या आवडत्या विद्युत्‌शास्त्राकडे वळले. आजारपणाने एका वकिलाला प्रयोगशाळेत आणून सोडले, हे शास्त्राचे भाग्यच म्हटले पाहिजे!

१८३९ साली त्यांनी जस्त व प्लॅटिनम ह्यांचा एक जोरदार विद्युत्‌घट तयार केला. अमेरिकेतील तारायंत्रे कित्येक वर्षे ह्या घटावर चालली. त्यात नायट्रिक अम्ल असल्यामुळे विषारी तपकिरी वायू सुटे, एवढाच काय तो त्याचा दोष. ह्या शोधामुळे ग्रोव्ह यांचे नाव झाले आणि १८४१ साली लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

मात्र त्यांचे खरे नवल दुसऱ्याच घटात होते. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला असता पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन वायू होतात, हे १८०० सालापासून ठाऊक होते. ग्रोव्ह यांनी प्रश्न उलटा केला. हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले, तर खर्ची पडलेली वीज परत मिळेल काय? त्यांनी काचेच्या नळ्या विरल गंधकाम्लात उपड्या उभ्या केल्या. एका नळीत हायड्रोजन, शेजारच्या नळीत ऑक्सिजन आणि प्रत्येकीत प्लॅटिनमची एक पट्टी, अशी ती साधी रचना होती. पट्ट्या तारेने जोडताच वीज वाहू लागली! नळ्यांतील अम्लाची पातळी हळूहळू वर चढू लागली. हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट वेगाने संपत होता. पाण्यात हे वायू ज्या प्रमाणात असतात, तेच हे प्रमाण. अशा पन्नास जोड्यांची माळ त्यांनी १८४२ साली रचली आणि तिच्या विजेने पुन्हा पाण्याचेच विघटन करून दाखविले.

पण प्रवाह फारच क्षीण होता. ग्रोव्ह यांनी कारण अचूक हेरले. वायू, द्रव व धातू ही तिन्ही जेथे एकमेकांस भिडतात, तेथेच वीज उपजते. पट्टी द्रवात बुडाली तर वायू तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कोरडी राहिली तर द्रव पोहोचत नाही. तेव्हा ही भेटीची जागा वाढवावी कशी? पट्टीवर प्लॅटिनमच्या भुकटीचा थर देऊन त्यांनी ती काहीशी वाढविली; तरी कारखाना चालविण्याइतकी वीज त्यातून निघणे शक्य नव्हते.

१८४६ साली त्यांनी प्राध्यापकपद सोडले, कारण वकिलीतील उत्पन्नाची त्यांना गरज होती. त्याच वर्षी उष्णता, प्रकाश, वीज इत्यादी शक्ती एकमेकींत रूपांतरित होतात, असे प्रतिपादणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १८७१ साली ते न्यायाधीश झाले, १८७२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा वायुघट मात्र प्रयोगशाळेतील एक गंमत म्हणूनच मागे उरला होता.

ग्रोव्ह यांना अडविणारी गाठ फ्रान्सिस टॉमस बेकन ह्या इंग्रज अभियंत्याने सोडविली. त्याने पट्टीऐवजी सच्छिद्र निकेलचा पत्रा घेतला. त्याची छिद्रे वायूकडील बाजूस मोठी व द्रवाकडील बाजूस बारीक ठेवली, आणि वायूचा दाब असा नियंत्रित केला की द्रव त्या छिद्रांतच थबकावा. पलीकडे झिरपू नये आणि मागेही हटू नये. सुमारे सत्तावीस वर्षांच्या खटपटीनंतर, १९५९ साली, त्याच्या घटांनी पाच किलोवॉट वीज दिली. इंधनघट ते हेच. जुलै १९६९ मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो-११ यानाला ह्याच जातीच्या घटांनी वीज पुरविली, आणि वीज निर्माण होताना त्यांत जे पाणी तयार झाले, ते अंतराळवीर प्याले.